केस आज गळतात, कारण तीन महिन्यांपूर्वीचं असतं

मुंबईत नव्याने राहायला आलेल्या माणसाचे केस गळायला लागले की तो आधी नळाकडे बोट दाखवतो. "इथलं पाणी मानवलं नाही." लालबागमधल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. परळच्या हॉस्पिटलांत नर्सिंग शिकायला आलेल्या मुली, चाळीत खोली भाड्याने घेऊन राहणारे तिघे-चौघे मित्र, लग्न होऊन साताऱ्याकडून आलेली नवी सून, सगळ्यांचं यावर एकमत. आणि पाणी बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं: अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. सगळं पावसाचं साठवलेलं पाणी. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी, म्हणून साबणाला चटकन फेस येतो. गावाकडच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बहुधा याहून जड असतं. म्हणजे साताऱ्याची सून जड पाण्यातून हलक्या पाण्यात आलेली असते आणि तक्रार मात्र उलटी करते. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. तिथे बोअरचं पाणी येत असेल तर शॉवरच्या जाळीवर पांढरी खपली धरते, केस धुतल्यावर राठ लागतात, विंचरताना तुटू शकतात. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं.

हा फरक घरच्या घरी कळतो. कंगव्यात अडकलेला एक केस उजेडात धरा आणि त्याची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ दिसली तर तो केस मुळापासून निघाला, म्हणजे गळला. गाठ नाही, केस आखूड आणि दोन्ही टोकं सारखीच, तर तो मधेच तुटला. जड पाणी, ब्लीच, रोजचं स्ट्रेटनिंग, ओल्या केसांत जोरात फिरवलेला कंगवा, यांनी केस तुटतात. पांढरी गाठ बघून पुष्कळ जणी घाबरतात, मूळच उपटून आलं असं त्यांना वाटतं. तसं नसतं. मूळ कातडीच्या आत जागच्या जागी असतं. गाठ ही फक्त त्या केसाची मुदत संपल्याची खूण आहे.

मुदत हा शब्द मुद्दाम वापरला. डोक्यावर दिसतो तो केस मेलेलाच असतो. नख कापताना दुखत नाही तसा केस कापतानाही दुखत नाही, कारण दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे, आत एकही जिवंत पेशी नसलेले. जिवंत असतं ते टाळूच्या कातडीतलं मूळ, आणि त्याला खाणंपिणं मिळतं ते रक्तातून. एक मूळ साधारण दोन ते सहा वर्षं केस वाढवत राहतं, महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास. मग दोन-तीन आठवड्यांत कामकाज आवरतं आणि दोन-तीन महिने विश्रांती घेतं. विश्रांती संपली की खालून नवा केस उगवू लागतो आणि जुना सुटून पडतो.

आता हिशेब करून बघा. डोक्यावर अंदाजे एक लाख केस. त्यातले दहा टक्के, म्हणजे दहा हजार, कुठल्याही वेळी विश्रांतीत. विश्रांतीचा काळ शंभर दिवसांचा धरला तर रोज शंभर केस पडणारच. डॉक्टर जो "रोज पन्नास ते शंभर केस गळणं नॉर्मल" हा आकडा सांगतात, तो तुमची समजूत काढायला सांगत नाहीत. एवढे केस गळले नाहीत तरच काहीतरी बिनसलंय म्हणावं लागेल.

खरी गंमत त्या दोन-तीन महिन्यांत आहे. शरीराला मोठा हादरा बसला की पुष्कळशी मुळं एकदम काम थांबवून विश्रांतीत जातात. केस मात्र लगेच पडत नाहीत. ते दोन-तीन महिने डोक्यावर तसेच राहतात आणि मग एकदम भसाभस यायला लागतात. तोवर माणूस तो हादरा विसरून गेलेला असतो. गणपतीच्या सुमारास डेंग्यू झाला, आठवडाभर ताप, प्लेटलेट उतरल्या, सगळं निस्तरलं. दिवाळीनंतर न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गुंता दिसला की खापर फुटतं ते दिवाळीत आणलेल्या नव्या शाम्पूवर, उटण्यावर, नाहीतर पाण्यावर. टायफॉइड, मलेरिया, कोविड, मोठं ऑपरेशन, लग्नाआधी जेवण तोडून झटपट उतरवलेलं वजन, सगळ्यांची चाल हीच. मुंबईत नव्याने आलेल्या मुलामुलींचंही बऱ्याचदा हेच होतं. घर सुटलं, आईच्या हातचं जेवण सुटलं, वडापाव आणि चहावर दिवस निघतो, झोपेचं खोबरं होतं, आणि तीन महिन्यांनी संशय जातो तानसा तलावावर.

बाळंतपणाचंही तेच. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्यामुळे केस जास्त काळ वाढीच्या टप्प्यात राहतात आणि डोकं भरगच्च दिसतं. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन उतरतं आणि थांबून राहिलेले केस एकदम रांगेने निघतात. आमच्याकडे बाळाचं ग्राइपवॉटर न्यायला येणाऱ्या एका काकू सुनेला समजावत होत्या, "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात." बाळ ओळखून हसायला लागतं दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि केस गळायला लागतात तेव्हाच. काकूंची नजर अगदी पक्की होती, फक्त त्यात बाळाचा काही हात नाही.

असं गळणं बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत आपलं आपण थांबतं आणि केस परत येतात. इथेच सगळे घरगुती उपाय पास होतात. गळती सुरू झाल्यावर माणूस आधी तेल बदलतो, मग शाम्पू, मग कांद्याचा रस, मग कुणीतरी सांगितलेलं आदिवासी तेल. पाचव्या महिन्यात गळती थांबते आणि त्या वेळी हातात असलेली बाटली भाव खाऊन जाते. पुढे ती बाटली सगळ्या नातेवाइकांना कळते. कांद्याच्या रसाचं म्हणाल तर २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, पण तो होता चाईवर, म्हणजे डोक्यावर गुळगुळीत गोल चकती पडते त्या आजारावर. रोजच्या केसगळतीशी त्याचा संबंध नाही.

आता तेलाबद्दल. इथे मी बोलले की घरात भांडणं होतात. तेलाने मुळाला पोषण मिळत नाही. मूळ रक्तावर जगतं, बाहेरून थापलेल्या तेलावर नाही. तेल लावताना हाताशी जे केस येतात ते आधीच सुटलेले असतात. मात्र म्हणून तेल निरुपयोगी ठरत नाही, त्याचं काम वेगळं आहे. २००३ साली मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना त्यातलं प्रथिन थोडं थोडं निघून जातं. प्रथिनाची ही गळती कमी करण्यात तिघांपैकी फक्त खोबरेलाला यश आलं. कारण खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या काडीत शिरतो. बाकीची दोन तेलं वरच राहतात. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच असा अभ्यास वाचावा, पण त्यातलं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे. म्हणजे आजीचं तेल बरोबर, तिने सांगितलेलं कारण चुकीचं. न्हाण्याआधी तास-दोन तास केसांच्या लांबीला खोबरेल लावा, मग धुऊन टाका. डोक्यावर तेल थापून आठवडाभर तसंच ठेवण्यात काही मिळवायचं नाही.

आणि कोंडा असेल तर टाळूवर तेल थापणं बंदच करा. कोंडा म्हणजे टाळू कोरडी पडली, ही समजूत भयंकर चिवट आहे. बहुतेकांच्या बाबतीत टाळू तेलकट असते. मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलावर जगते. तेलातून तिने तयार केलेली आम्लं काहींच्या कातडीला सोसत नाहीत, कातडी भराभर सुटते, तोच कोंडा. वर खोबरेल ओतलं की खपल्या तेवढ्यापुरत्या चिकटून बसतात, दिसेनाशा होतात, आणि बरं वाटलं असं वाटतं.

कोंड्याच्या औषधाचा एक प्रकार मी रोज बघते. किटोकोनॅझोलचा शाम्पू नेतात आणि पंधरा दिवसांनी "काही उपयोग नाही" म्हणून येतात. वापरलात कसा, असं विचारलं की कळतं: साध्या शाम्पूसारखा लावला, फेस केला, लगेच धुतला. त्या औषधाला बुरशीवर काम करायला वेळ लागतो. टाळूला लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवायचा, कारण बुरशी कायमची जात नाही. हे सगळं बाटलीवर किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, पण ती अक्षरं वाचायला भिंग लागतं हेही खरं.

रोज शाम्पू केला तर केस गळतात का? नाही. तीन-चार दिवसांनी डोकं धुतलं की त्या दिवसांचे सुटलेले केस एकदम निघतात आणि घाबरायला होतं, एवढंच. विरार लोकलमधून घामेघूम होऊन येणाऱ्याने एक दिवसाआड सौम्य शाम्पूने डोकं धुतलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात केस फुगतात त्यालाही "खराब झाले" म्हणायचं कारण नाही. केस हवेतलं पाणी शोषतो, त्याची लांबी बदलते. १७८३ साली सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने माणसाचा केस ताणून हवेतला दमटपणा मोजायचं यंत्रच मांडलं होतं. जुलैत दादरच्या पुलावर उभं राहिलं की तेच यंत्र आपण सगळे डोक्यावर घेऊन फिरतो.

टोकं कापली की केस लवकर वाढतात, हे चूक. कापायचं ते फाटलेली टोकं वर चिरत जाऊ नयेत म्हणून. जावळ काढलं, तुळतुळीत गोटा केला की केस दाट येतात, हेही चूक. दाढी केल्याने केस जाड किंवा भराभर येतात का, हे १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी मोजून पाहिलं होतं. फरक पडत नाही. केसाचं मूळचं टोक निमुळतं असतं, कापलेलं टोक बोथट, म्हणून खुंट हाताला राठ लागतो. बाळाचे केस वर्ष-दोन वर्षांत आपोआपच जाड होत जातात आणि श्रेय वस्तऱ्याला मिळतं. जावळ जरूर करा, मामाच्या मांडीवर बसवून हौसेने करा, पण दाटपणाच्या भरवशावर करू नका. एक पांढरा उपटला की सात येतात, हे तर सोडूनच द्या. एका छिद्राचा शेजारच्या छिद्राशी काही करार नसतो. पंचविशीच्या आत बरेच केस पांढरे व्हायला लागले तर मात्र बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या.

पांढऱ्यावरून मेंदी आठवली. नुसती मेंदी केशरी-तांबूसच रंगवते. दहा मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या "काळ्या मेंदी"त रंग असतो तो पीपीडी नावाच्या रसायनाचा, डायमधलाच. पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं म्हणून लोक बिनधास्त लावतात. काहींना त्याची जबर ॲलर्जी असते: कपाळ, पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास वाट पाहावी. आणि एकदा ॲलर्जी झाली की ती जन्माची, पुढच्या वेळी जास्त जोरात.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण विक्री तिथेच सगळ्यात जास्त आहे. बायोटिनची दिवसाची गरज तीस-चाळीस मायक्रोग्रॅम, आणि गोळीत असतात दहा हजार. ज्याला मुळात कमतरता नाही त्याचे केस त्याने वाढतात याला पुरावा नाही, आणि खरी कमतरता फार क्वचित असते. तोटा मात्र होऊ शकतो. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. रक्त द्यायला जाताना ही गोळी चालू असल्याचं लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. बायकांच्या गळतीत जास्त वेळा सापडते ती लोहाची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला साठा रिकामा असू शकतो, तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो.

जास्त म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब इथे उलटू शकतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस चार-पाच दिवसांत हातात यायला लागले. तिथेही पहिला संशय गेला तो पाण्यावर. पुढे लोकांच्या रक्तात सेलेनियम हे खनिज वाढलेलं आढळलं आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तीन महिन्यांचा नियम तिथे लागू झाला नाही, कारण काही द्रव्यं वाढत्या मुळावरच थेट घाव घालतात. कॅन्सरच्या केमोथेरपीतही तसंच होतं. केसांच्या बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम असतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी पाकिटावरची यादी बघावी. 'अ' जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं तरी केस गळतात.

टकलाचं गणित यापेक्षा वेगळं. तिथे केस एकदम गळत नाहीत, वर्षानुवर्षं बारीक होत जातात. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक काही मुळांना आक्रसून टाकतं. टक्कल आईच्या वडिलांकडूनच येतं म्हणतात. अर्धं खरं आहे: एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे मुलाला आईकडून मिळतं. पण बाकीची कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात, त्यामुळे एकट्या आजोबांना दोष नको. हेल्मेटने टक्कल पडत नाही. घट्ट बांधलेल्या केसांनी मात्र कानशिलावरचे केस जातात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते परत येत नाहीत. ड्यूटीसाठी कचकचून अंबाडा घालणाऱ्या आमच्या नर्सिंगच्या मुलींना मी हे सांगत असते, तरी त्या हसून निघून जातात.

टकलावरचं मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, म्हणून डोक्यावर लावायचा द्राव निघाला आणि अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण विश्रांतीतली मुळं लवकर जागी होऊन जुने केस ढकलतात. लोक तिथेच घाबरून बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळालेलं पुन्हा जातं. हे आधीच पटत असेल तरच पैसे घाला.

काही गोष्टी मात्र मेडिकलमध्ये उरकायच्या नसतात. गुळगुळीत गोल चकती पडली तर ती चाई. तिथे किडा केस खात नसतो, शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती मुळांवर उलटलेली असते, आणि टाळूत इंजेक्शनं देऊन बऱ्याच जणांचे केस येतात. टाळूवर आग होते, पुवाच्या पुळ्या आहेत, किंवा केस गेलेल्या जागी कातडी चकचकीत होऊन छिद्रंच दिसेनाशी झाली आहेत, तर दिवस घालवू नका, कारण व्रण झालेल्या जागी केस परत उगवत नाहीत. केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. आणि मुलाच्या डोक्यावर खपल्यांची, तुटक्या केसांची खाजरी चकती असेल तर ते बहुधा गजकर्ण. त्यावर शेजारणीकडची पांढरी ट्यूब चोळू नका. असल्या ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरते. टाळूच्या गजकर्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेलं पोटातलंच औषध लागतं, कारण बुरशी केसाच्या आत असते आणि मलम तिथवर पोचत नाही. त्या मुलाची टोपी, टॉवेल आणि कंगवा औषध संपेपर्यंत वेगळे ठेवा, आणि घरातल्या बाकी पोरांची डोकीही एकदा उजेडात बघून घ्या.